पिवळ्या मीटरची लाल वायर

पप्पा,

१९९१ चा मे महिना, दुसरा शनिवार, संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटं. भाईंदरच्या त्या इलेक्ट्रिकच्या दुकानात काउंटरच्या वर घड्याळ होतं, म्हणून वेळ इतकी पक्की सांगते. त्या मिनिटाला तुम्ही माझ्या हातातला पिवळा डिजिटल मल्टीमीटर, वायरीत करंट आहे की नाही ते आकड्यात दाखवणारा, काढून घेतलात आणि दुकानदाराला म्हणालात, "शेठ, इसको मत देना. इसको अभी डरना नहीं आता." शेठ हसला. मी छत्तीस वर्षांची, ऑफिसात स्टेनो, कॉन्व्हेंटात शिकलेली बाई, आणि उभी कशी, तर खेळणं हिसकावलेल्या पोरीसारखी.

सिस्टरांनी मला रुमालावर क्रॉस-स्टिच शिकवला. वायर वितळलेल्या कथलाने जोडायचा डाग कसा द्यायचा ते तुम्ही शिकवलंत. कारखान्यातली वायरमनची नोकरी संपवून तुम्ही उत्तनचं घर भावाकडे सोपवलंत, आपण पूनम सागरच्या फ्लॅटमध्ये आलो, आणि रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आलं की मी खिडकीशी बसून छोटा रेडिओ नाहीतर लाइट गेल्यावर आपोआप लागणारा दिवा जोडायची. तुमच्या काट्याच्या मीटरला तुम्ही कुणाला हात लावू देत नव्हतात. म्हणजे मला माझा हवा, आणि माझ्या पगारात बसणारा हवा. पिवळा बसत होता. तुम्ही पुढे सरकवलात तो काळा, जड, दुप्पट महाग.

"आकडे काय बघतेस? वायर बघ. वाकवून बघ. आत फ्यूज हाय का विचार."

"पप्पा, मला छंद करायचाय, पॉवर हाउस नाही चालवायचं."

"करंटला छंद कळत न्हाय."

पुढच्या आठवड्यात मी एकटी जाऊन पिवळा घेऊन आले. कपाटात साड्यांखाली ठेवला. तुमच्यासमोर तो काढायची संधी मी शोधत होते, हे कबूल करते.

ती ऑगस्टमध्ये आली. स्वयंपाकघरात मिक्सरच्या प्लगला हात लावला की मम्मीला झिणझिण्या यायच्या. तुम्ही एक फ्यूज काढलात, स्वयंपाकघराचा दिवा गेला, तुम्ही स्टुलावर चढून बोर्ड उघडलात. आणि मी पिवळा मीटर घेऊन आत आले. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. मी पिना लावल्या, आकडा वाचला. "शून्य. करंट नाहीये."

"आधी हॉलच्या चालू बोर्डावर लावून बघ, मग इकडं लाव," तुम्ही म्हणालात. तुमची पद्धत तीच होती. मीटर जिवंत आहे हे जिवंत तारेवर पाहायचं, मगच मेलेल्या तारेबद्दल त्याचं ऐकायचं. तीस वर्षं तुम्ही दुसरं काही केलं नव्हतंत.

मी म्हटलं, "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही. सरळ सांगा ना."

तुम्ही हात घातलात.

त्या बोर्डाची लाइन दुसऱ्याच फ्यूजवर होती. बिल्डरच्या माणसांनी कसंही जोडून ठेवलं होतं. स्टूल एकीकडे, तुम्ही एकीकडे, ओट्याची कड डोक्याला थोडक्यात चुकली. मम्मी धावत आली. तुम्ही फरशीवर बसून म्हणालात, "काय न्हाय, स्टूल सरकला." मला एक शब्द बोलला नाहीत. तेव्हाही नाही, पुढे चार वर्षांतही नाही. उजव्या हाताची दोन बोटं बधिर झाली ती झालीच. डाग देताना तुमचा हात हलायला लागला, मग तुम्ही डाग देणंच सोडलंत. दुपारी तुम्ही आडवे झालात की मी दारात उभी राहून तुमची छाती वरखाली होतेय का ते बघायची. मग एका दुपारी ती होत नव्हती. हार्ट, डॉक्टर म्हणाले. त्या शॉकचा काही संबंध नाही. मी त्यांना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते चिडले.

आता मला घाबरता येतं, पप्पा. शिकवणी चांगली झाली. घरातलं कुठलंही बटण मी अजून बोटाच्या मागच्या बाजूने दाबते, शॉक बसलाच तर हात चिकटू नये म्हणून. रिटायर झाल्यावर पुन्हा जोडकाम करावंसं वाटलं, नवा मीटर घ्यायला गेले, तर दुकानाच्या पायरीवरून दोनदा परत आले. दुकानातला मुलगा आतून हाक मारून म्हणतो, "आंटी, सब सेम है, सस्तावाला ले लो." त्याला काय सांगू?

राग मात्र गेलेला नाही. टेस्टर तुमच्या खिशात होता. शर्टाच्या खिशातून त्याचं लाल टोक दिसत होतं, मला आजही दिसतं. तो का नाही काढलात? मुलगी फुगेल म्हणून तीस वर्षांची पद्धत कोणी मोडतं का? तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, की मला धडा द्यायला हात घातलात? दोन्हींतलं कुठलं जास्त भयंकर, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

उत्तर देण्याआधी तुम्हाला एक माहीत असायला हवं. त्या शॉकच्या आदल्याच रविवारी पिवळ्या मीटरची लाल वायर वाकवली की आकडा जायचा, सरळ केली की यायचा. मी पाहिलं होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही हसला असतात.

हे पत्र त्या पिवळ्या मीटरच्या खोक्यात ठेवतेय, आणखी कुठे पाठवणार? शनिवारी मी पुन्हा मीटर घ्यायला जाणार आहे, दुकान दहाला उघडतं. मला लेखी उत्तर हवं, शनिवारी सकाळी दहाच्या आत.