सव्वा महिन्याची वाटणी

मी, चन्नव्वा नागप्पा चित्रगार, वय चोपन्न, शिक्षण चौथी, धंदा बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालणं, राहणार कलघटगी, जिल्हा धारवाड, हा कागद माझ्या हाताने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने बाजाराच्या दिवशी मला वांगी विकून बघावीत. कोणी मला धाक घातलेला नाही, गोड बोलून फसवलेलं नाही. गोड बोलणारं आमच्या घरात कोणी नाहीच.

येत्या सोमवारी हुबळीला माझं पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, साधं आहे. साधं आहे तर चार ठिकाणी सह्या कशाला घेतल्या? मरायची मला घाई नाही. पण माझी सून कस्तुरी सातव्या महिन्यात आहे, श्रावणात मोकळी होईल. तिला आई नाही, माहेर नाही, जे आहे ते हेच घर. मागच्या खेपेला मी तिचं बाळंतपण बिघडवलं. या खेपेला असले तर नीट करीन. नसले तर कोणी काय करायचं, ते लिहायला हा कागद. घर आणि भांडी वाटेत आली म्हणून लिहिते.

कचेरीसमोरच्या दस्त लिहिणाऱ्याकडे आधी गेले होते. तो म्हणाला, "बाई, मृत्युपत्रात मालमत्ता लिहितात, बाळंतपण नाही." मी म्हटलं, "तू किती वेळा बाळंत झालास?" त्याने माझा कागद मला परत दिला.

१. घर. हे माझ्या नावावर आहे. नवऱ्याने घेतलं, पण माझ्या नावावर केलं, कारण त्याची सही दर वेळी वेगळी यायची. पाळण्यावर एकसारखे दोनशे पोपट काढणारा माणूस, पण स्वतःचं नाव जमलं नाही. माझ्यामागे हे घर माझा मुलगा शिवानंद आणि कस्तुरी, दोघांच्या नावाने करावं. नुसत्या शिवानंदच्या केलं तर भांडणात तो "माझं घर" म्हणेल. मी वाढवलाय, मला माहीत आहे. पुढची खोली मोबाइलवाल्याला भाड्याने द्यायचं त्याच्या मनात आहे, खुशाल द्यावी. न्हाणीघराला लागून असलेली मागची खोली द्यायची नाही. ती बाळंतिणीची.

२. नवऱ्याची हत्यारं, कुंचले, लाखेचे रंग शिवानंदचेच आहेत, तोच वापरतो. लिहायचं म्हणून लिहिलं.

३. तांब्याचे हंडे दोन. एक चांगला, एक पोचा पडलेला. पोचा माझी जाऊ गौरव्वा हिने पाडला. नऊ वर्षांपूर्वी मुलीच्या लग्नाला नेला, परत आणला तेव्हा म्हणाली, "अक्का, असाच होता." असाच नव्हता. तो पोचा हंडा मी गौरव्वाला देते. चांगला कोणाला, ते पुढे सहाव्या कलमात आहे, तोवर तिने धीर धरावा.

४. पाळणा. नागप्पाने मरायच्या आधल्या वर्षी केलेला, पोपट आणि मोरांचा. तो विकायचा नाही. ज्या घरात बाळ होईल त्यांनी मागावा, न्यावा, आणि आपल्या रिवाजाने परत करताना रिकामा पाठवू नये, आत नारळ आणि गूळ ठेवावा. हा रिवाज चांगला आहे. पाळण्याचा दुसरा एक रिवाज आहे, की रिकामा पाळणा हलवू नये. तो मी या कागदाने मोडते. कारण खाली.

५. मागच्या खेपेला काय झालं.

हे कलम वाटणीचं नाही. पण हे वाचल्याशिवाय पुढचं कोणी पाळणार नाही.

पाच वर्षांपूर्वी माझी नात भूमिका झाली. बावीस वर्षं मी लोकांच्या सुना-लेकींना न्हाऊ घातलं होतं, माझ्या सुनेला काही कमी करीन का? कानात कापूस, डोक्याला फडकं, पोट घट्ट बांधलेलं, खाटेखाली शेगडी, ओव्याचा धूर, पाणी मोजून. बोलायचं कमी, तोंडातून वारं शिरतं. बघायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "चन्नव्वाच्या सुनेसारखी शांत बाळंतीण बघितली नाही." मला मान ताठ करायला तेवढं पुरे होतं. शांत कोणती आणि बुडालेली कोणती, हे मला बावीस वर्षांत कळलेलं नव्हतं.

विसाव्या दिवशी न्हाणीत दगडावर बसल्या बसल्या ती म्हणाली, "अत्ती, मला बाळाची भीती वाटते."

"बाळाला कोण भितं? तोंड मीट, वारं जाईल."

"माझ्या हातून तिला काहीतरी होईल असं वाटतं."

मी तिचे कान पुसले, नवा कापूस घेतला आणि चांगला आत दाबून बसवला. हे मी केलं. कोणी सांगितलं म्हणून नाही.

आमच्याकडे नवऱ्याने सव्वा महिना त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. शिवानंद बाहेर पडवीत रंगकाम करायचा. एकाच पोपटाचा डोळा काढायचा, पुसायचा, परत काढायचा. एकदा म्हणाला, "अव्वा, मला झोप येत नाही. छातीवर कोणी बसल्यासारखं होतं." मी म्हटलं, "का रे, तूही बाळंत झालास काय?" गौरव्वा हसली, शेजारीण हसली, तोसुद्धा हसला. त्यानंतर तो मला काही बोलला नाही.

तिसाव्या दिवशी दुपारी मी दुसऱ्या घरची आंघोळ उरकून आले. पाळण्याची कडी वाजत होती. आत गेले तर कस्तुरी पाळणा हलवतेय आणि पाळण्यात कोणी नाही. खाटेवर बघितलं, खाटेखाली बघितलं. भूमिका ज्वारीच्या कणगीमागे कोपऱ्यात होती, दुपट्यात गुंडाळलेली, दोन्ही बाजूंना उशा, गाढ झोपलेली. माझ्यामागून गौरव्वा आली आणि ओरडली, "रिकामा पाळणा हलवते, घर बुडवते. हिला लागीर झालंय अक्का." आणि लिंबू उतरवणाऱ्याला बोलवायला धावली. मी कस्तुरीच्या थोबाडीत मारली. ती रडली नाही. म्हणाली, "ती तिकडे बरी आहे. माझ्यापासून लांब."

तेवढ्यात शमशादबी आली. खालच्या गल्लीतली, आशा कार्यकर्ती, बाळाचं वजन करायला तिची फेरी होती. तिच्या पाठोपाठ दारात लिंबूवाला. शमशाद त्याला म्हणाली, "मामा, जरा थांबा, नंबर माझा आहे." मग खाली जमिनीवर बसली, कस्तुरीच्या कानातला कापूस आपल्या हाताने काढला आणि म्हणाली, "बाळाचं वजन मागाहून. तू किती झोपतेस ते सांग."

तीस दिवसांत घरात शंभर बायका येऊन गेल्या असतील. दूध येतं का, रंग कोणाचा, नाक कोणाचं, सगळं विचारलं. हे कोणी विचारलं नव्हतं.

कस्तुरी तासभर बोलली. तीन आठवडे झोप नाही. आपल्या हातून पोर पडेल, पाळणा इतका जोरात हलेल की पोर बाहेर जाईल, हेच डोळ्यांपुढे. म्हणून पोर कोपऱ्यात ठेवायची आणि रिकामा पाळणा हलवायची, की अत्तीला कडीचा आवाज जावा. लिंबूवाला दाराशी उभा राहून ऐकत होता. शेवटी चप्पल घालत म्हणाला, "अव्वा, हे माझं काम नाही. हिला धारवाडला न्या." त्याला चहा दिला. तो माणूस वाईट नाही.

धारवाडला मनाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आजार आहे, बाळंतपणानंतर पुष्कळजणींना होतो, औषधाने आणि झोपेने बरा होतो. अंगावर पाजतानाही चालतील अशा गोळ्या दिल्या. मग शिवानंदकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही कसे आहात?" त्याने टेबलावर डोकं ठेवलं आणि रडायला लागला. तीस वर्षांचा बाप्या. मी मेल्यावर तो एवढा रडला नाही तरी चालेल, त्या दिवशीचं धरून घेईन.

मी बाकावर बसले होते. तिथे मला माझं आठवलं, जे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, नागप्पालाही नाही. शिवानंद झाला तेव्हा दोन महिने मला वाटायचं, हे पोर माझं नव्हे, कोणीतरी बदललंय. शेजाऱ्याच्या वासराला चारा घालावा तसं मी त्याला पाजायचे. माझी आई लोकांना सांगायची, "पोर शांत आहे." नंतर ते गेलं आणि मी मुद्दाम विसरले. विसरले नसते तर न्हाणीत कस्तुरीचं बोलणं माझ्या कानात शिरलं असतं. शिवानंदा, तू हे वाचत असशील. नंतर तू माझाच झालास. इतका, की कधी कधी कंटाळा आला.

कस्तुरी बरी व्हायला पाच महिने लागले. एक दिवस जेवताना म्हणाली, "अत्ती, सारात मीठ घालता की सार मिठात घालता?" मी न्हाणीघरात जाऊन तोंड धुऊन आले. बरी झाली होती.

थोबाडीत मारल्याची माफी मी तिच्याजवळ मागितली नव्हती. इथे मागते.

६. सव्वा महिन्याची वाटणी. ही माझी खरी मालमत्ता.

आंघोळ गौरव्वाने घालावी. माझ्यानंतर पाण्याचा ताव तिच्याच हाताला कळतो, हे मी मरताना कबूल करते, त्याआधी नाही. चाळीस दिवस तिने लागीर, नजर, वारं यातला एक शब्द काढला नाही तर चांगला हंडा तिचा. काढला तर पोच्यावर भागवावं. निवाडा कस्तुरी करील.

शिवानंदने पहिल्या दिवसापासून खोलीत जावं, बसावं, पोर घ्यावं. पाजून झालं की पोर त्याच्याकडे, म्हणजे कस्तुरीला सलग पाच तास झोप मिळेल. कोणी म्हणालं बाप्या बाळंतिणीच्या खोलीत कसा, तर सांगावं, म्हातारीने लिहून दिलंय.

संध्याकाळी शेजारच्या ईरण्णाने शिवानंदला चहाला न्यावं. ईरण्णा एसटीत कंडक्टर होता, त्याला बोलायची सवय आहे. त्याने अर्धा तास गप्प बसावं आणि शिवानंदला बोलू द्यावं.

कस्तुरीला या महिन्यात धारवाडच्या डॉक्टरीणबाईंना दाखवून आणलंय. त्यांनी दिलेली चिठ्ठी देवघरातल्या डब्यात आहे. गोळ्या त्या सांगतील तेव्हाच बंद. गौरव्वा सांगेल तेव्हा नाही.

शमशादने दर चौथ्या दिवशी यावं. तिला या कागदात मी काही देत नाही, कारण ती साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही दिलेलं बरं दिसत नाही म्हणतात. माझी निळी इरकल तिला काल हातात दिली. ती म्हणाली, "चन्नक्का, ही नेसून मी वजनं करू?" मी म्हटलं, कर.

ज्याला ज्याला खोलीत जायचंय त्याने आधी कस्तुरीला विचारावं, झोप झाली का, मनात काय येतंय. बाळाचं नाक नंतर. आणि तिला रिकामा पाळणा हलवावासा वाटला तर हलवू द्यावा, जवळ बसावं. मागच्या खेपेला पाळणा रिकामा होता म्हणून माझी नात सुखरूप होती.

७. माझ्या ट्रंकेत कापसाचं मोठं पुडकं आहे, बाळंतिणींच्या कानांसाठी आणलेलं. त्याच्या समईसाठी वाती कराव्यात.

८. पोस्टातले पैसे भूमिकेचे आणि येणाऱ्याचे, निम्मे निम्मे. मुलगा झाला म्हणून जास्त नाही.

९. बाकी सगळं मी गेल्यावर लागू. कलम सहा आजपासून लागू. कायद्यात बसत नसेल तर घरात बसवावं. मी सोमवारी वाचले तर गौरव्वाच्या जागी मी, एवढाच बदल. हंड्याचं मग बघू.

हा कागद सही करायच्या आधी मी कस्तुरीला वाचून दाखवला, कारण तिच्यावर लिहिलंय आणि तिला चोरून लिहिणं बरं नाही. थोबाडीच्या जागी ती खाली बघत होती. संपल्यावर म्हणाली, "अत्ती, तुम्हाला झोप येते का?"

मी म्हटलं, "तोंड मीट." सवय.

ती उठली नाही. म्हणाली, "ऑपरेशनची भीती वाटते का?"

मग सांगितलं. तासभर लागला. भात करपला.

लिहून देणार : चन्नव्वा नागप्पा चित्रगार (सही)

साक्षीदार :
१. शमशादबी, आशा कार्यकर्ती, खालची गल्ली (सही). माझ्यासमोर सही झाली. बाई शुद्धीत आहेत, रागात नाहीत.
२. ईरण्णा, निवृत्त कंडक्टर, शेजारी (सही). अर्धा तास कबूल.

ठिकाण : कलघटगी, मागची खोली
तारीख : १४ जून २०२४, शुक्रवार