मधल्या स्विचचा आवाज

४ जानेवारी

नाही देणार! गिटार माझी आहे. भंगारवाल्याच्या ढिगातून मी ओढून काढली, मी घासतेय, हाताची सालं माझी निघतायत. आणि धाकटी दारात उभी राहून काय म्हणते — "ताई, बँडसाठी कधी देतेस?" देतेस! 'देशील का' असंही नाही.

मला वाजवता येत नाही, मान्य. तिला येतं. पण जे जे तिला येतं ते ते तिचंच, असं कुठे ठरलंय?

७ जानेवारी

काळ्या रंगाखाली लाल. लालखाली पांढरा. कुणीतरी दरवाजाचा ऑइलपेंट फासला होता गिटारीला, वरून ब्रशचे केस चिकटलेले.

रंग सोलायला गरम हवेची हीट गन एका जागी जास्त वेळ धरली आणि गिटारीच्या अंगाच्या खालच्या टोकापाशी, शिंगापाशी, लाकूड करपलं. तपकिरी डाग, हाताच्या पंजाएवढा. पहिलीच चूक. आता नुसतं पॉलिश करून लाकूड दाखवायचं नाही, वरून रंगच द्यावा लागणार. निळा देईन.

आई जेवताना म्हणाली, "भाताला रंगाचा वास, पाण्याला रंगाचा वास. एवीतेवी घासतेच आहेस, तर मलाही घे जरा. माझाही रंग उडालाय." धाकटी खो खो हसली. आईने तिच्याकडे बघून डोळा मारला. विनोद माझ्यावर, डोळा तिला.

१६ जानेवारी

निळा दिला, वाळला, घासायला घेतला आणि कडेवरचा रंग खाल्ला! खालचा पांढरा प्रायमर उघडा. सपाट भागावर जो हात चालतो तो कडेवर चालत नाही, हे वाचलं होतं. वाचलेलं हातात उतरायला वेळ लागतो. परत पहिल्यापासून.

ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांचे विजेचे मीटर खरं बोलतात की नाही ते तपासते. मी सही केली की मीटर बरोबर. तिथे कुणी माझ्या सहीवर प्रश्न विचारत नाही. घरात मला कुणी काहीच विचारत नाही.

१७ जानेवारी

धाकटी आली की लोक खुर्च्या तिच्याकडे वळवतात. मी आले की विचारतात, पंखा बघतेस का जरा, आवाज करतोय.

२ फेब्रुवारी

वरचं चकाकीचं लॅकर झालं. एक ओघळ राहिला होता मागच्या बाजूला, तो पात्याने तासून काढला. आता नुसती टांगून ठेवायची. नाकाला वास येईनासा होईपर्यंत हात लावायचा नाही. धाकटी येता-जाता नाक लावते. "अजून येतोय गं!" तिला नाक लावायची काय गरज?

पण निळा असा आलाय! उन्हात धरली तर खोल, सावलीत जवळजवळ काळा. मी कुणाला दाखवली नाही.

२१ फेब्रुवारी

आतलं काम. दोन पिकअप — तारांखाली बसतात, तारेचा आवाज पकडतात. मानेजवळचा जुनाच, चालू होता. खालचा मेलेला. त्या जागी दुसऱ्या कंपनीचा नवीन आणून बसवला, वायरी जोडल्या, सोल्डर केलं. एकेक करून दोन्ही तपासले. दोन्ही छान. झाकण लावलं.

संध्याकाळी धाकटीने न विचारता उचलली. एक पिकअप, दुसरा पिकअप, मग स्विच मध्ये — दोन्ही एकत्र. आणि आवाज असा पातळ, नाकातला, सर्दी झालेल्या माणसाने दुरून हाक मारावी तसा!

मला क्षणात कळलं. नवीन पिकअपच्या वायरी उलट्या लागल्या आहेत. एकेकटे दोन्ही बरोबर, एकत्र आले की एकमेकांना खोडतात. एकत्र तपासलेच नव्हते. शिकाऊ चूक! मी तोंड उघडणार एवढ्यात —

"ताई! कसला आवाज आहे हा! असा कुणाकडेच नाहीये!"

मी गप्प बसले. तिच्यासमोर चूक कबूल करायची नव्हती, एवढंच कारण. उद्या ती गिटार घेऊन जाणार.

१३ मार्च

तिच्या बँडचा ड्रमवाला घरी आला होता. सगळे त्याला धडाम म्हणतात. मलाही ताईच म्हणतो. चहा पिताना आईला सांगत होता, "काकू, रेकॉर्डिंगवाला वेडा झालाय. म्हणतो, या मुलीच्या हातात काहीतरी आहे."

हातात!

हातात काही नाही. दोन वायरी आहेत. त्याही मी चुकवलेल्या. आता माझी चूकसुद्धा तिच्या नावावर.

आई म्हणाली, "लहानपणापासूनच तिचा हात हलका." मी कप उचलून आत गेले.

२७ मार्च

एका मोठ्या बँडला गिटार वाजवणारी हवी आहे. गावोगाव दौरे, वर्षभर. त्यांचा माणूस रविवारी धाकटीला ऐकायला कार्यक्रमात येणार. त्याने कुठेतरी तो मधल्या स्विचचा आवाज ऐकलाय. त्यासाठीच येतोय.

धाकटीला झोप लागत नाही म्हणे. माझ्या पलंगावर येऊन बसली. "ताई, नाही झालं तर?" मी म्हटलं, "नाही तर नाही." तिला वाटलं मी धीर देतेय.

३१ मार्च, रविवार, सकाळ

ती अंघोळीला गेली होती. गिटार पलंगावर होती. झाकण उघडलं, नवीन पिकअपच्या दोन्ही वायरी सोडवल्या, अदलाबदल केली, सोल्डर केलं, झाकण लावलं. मीटरने तपासलं. आता दोन्ही पिकअप एका दिशेने.

चूक होती, दुरुस्त केली. कुठल्याही तंत्रज्ञाने हेच केलं असतं.

सोल्डरचा वास जावा म्हणून खिडकी उघडली.

३१ मार्च, रविवार

पहिल्या गाण्यात तिने स्विच मध्ये आणला. आवाज भरीव आला, गोल, बरोबर. दुकानातल्या कुठल्याही गिटारीचा येतो तसा. तिने मान खाली घातली. स्विच वर, खाली, परत मध्ये. बटणं फिरवली. धडामने ड्रमवरून तिच्याकडे बघितलं. मग ती घाबरत वाजवायला लागली. सूर कुठेच चुकला नाही. पण चाचपडत चालल्यासारखं.

तो माणूस दुसऱ्या गाण्यानंतर फोन बघायला लागला. तिसऱ्याला खुर्ची रिकामी.

मागच्या खोलीत ती केबल गुंडाळत बसली होती. मला बघून म्हणाली, "ताई, गिटारीत काही बिघडलंय का गं? की माझाच हात?"

मी म्हटलं, "गिटार ठीक आहे. हात असेल."

५ एप्रिल

गिटार माझ्या टेबलावर आणून ठेवली तिने. पुसून. "तुझी तू ठेव. मला नाही पेलत." बँडला जात नाही. आईने ताट वाढलं की अर्धं तसंच.

आई मला म्हणाली, "तू बोल ना तिच्याशी. तुझं ऐकते ती." माझं? कधीपासून?

८ एप्रिल

गिटार माझी आहे. टेबलावर आहे. कुणी मागत नाही. कापडाने पुसते आणि परत ठेवते. रंग खरंच सुंदर झालाय.

९ एप्रिल

धडाम आपली केबल न्यायला आला. धाकटी दार लावून बसलेली, म्हणून माझ्याशीच बोलला.

"ताई, एक सांगू? पहिल्याच तालमीत मला कळलं होतं, आत वायरी उलट्या आहेत. म्हटलं, आण, पाच मिनिटांत सरळ करतो. तर हात लावू देईना! म्हणे, ताईने जोडलंय, म्हणजे बरोबरच असणार. त्या आवाजावर मग तिने सगळी गाणी बसवली. आणि रविवारी वायरी आपोआप सरळ? मी तिला स्पष्ट म्हणालो, कुणीतरी उघडलीये. तर माझ्यावरच उखडली. 'ताई म्हणाली ना हात? मग हातच.'"

हे बोलताना तो माझ्याकडे बघत होता. मी केबल गुंडाळून दिली.

९ एप्रिल, तो गेल्यावर

तिच्या दारावर टकटक केली. आधी सांगायचं. वायरी परत उलट्या करायच्या त्या मग.