जिन्याखालचं बाथरूम

प्रिय दादा,

एकाच घरात राहून पत्र लिहिते म्हणून हसशील. खुशाल हस. पण हा विषय काढला की तू बातम्यांचा आवाज वाढवतोस आणि मला पहिली बस डेपोतून काढायची घाई असते, मग आपण बोलायचं कधी? कागदापुढे तुझं काही चालणार नाही.

तर आपलं अपील फेटाळलं. जिन्याखालच्या खोलीत बाथरूम बांधायला सरकारी अनुदान मिळणार नाही. कारण एका ओळीत दिलंय: अर्जदार जिना स्वतः चढतात, अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष पाहिलं आहे. आणि ते खोटं नाही, हीच तर पंचाईत.

तो दिवस आठवला की हसावं की रडावं कळत नाही. साहेब पाहणीला येणार म्हणून तू गुळगुळीत दाढी केलीस, लाइनमनचा जुना खाकी शर्ट मला इस्त्री करायला लावलास. मीही काही कमी नाही, तुझी काठी आणि पलंगाखालचं रात्रीपुरतं भांडं पाहुण्यांच्या नजरेला पडू नये म्हणून आत सरकवलं. साहेबांनी बाथरूम कुठे आहे विचारलं मात्र, तू उठून त्यांच्या पुढे चालू लागलास. उभी हयात विजेच्या खांबांवर काढलेला माणूस घरच्या जिन्याला काय भिणार! वर जाऊन नळ सोडून दाखवलास, पाण्याला जोर किती आहे ते कौतुकाने सांगितलंस. साहेब गेले आणि तू दारातच खाली बसलास. तुला पलंगावर न्यायला शेजारच्या सुताराला बोलवावं लागलं. ते मात्र साहेबांनी पाहिलं नाही.

तू म्हणशील, झालं तेवढं पुरे, आता नाद सोड. नाही सोडणार. काल रजा टाकून कार्यालयात गेले. पहिल्या खिडकीने काखा वर केल्या, दुसरीवरच्या बाई मात्र माणुसकीच्या निघाल्या. वरच्या समितीकडे दाद मागता येते म्हणाल्या, पण तेच कागद पुन्हा जोडले तर तोच शेरा पुन्हा मिळतो. म्हणून फाइलची नक्कल मागितली, फेरपाहणीचा अर्ज दिला आणि शिक्क्यासकट पोच घेतली. डॉक्टरांनी मागे तुझ्या आजाराचं लांबलचक नाव तेवढं लिहून दिलं होतं. त्या नावावरून समितीला काय कळणार? माणसाला काय जमत नाही ते लिहून आणा, असं बाईंनी सांगितलं. मग डॉक्टरांकडे ठाण मांडून बसले आणि तसं लिहून घेतलं. घरच्यांचं निवेदन मी स्वतः लिहिलंय. रोज सकाळी तू बसून, पाठमोरा, एकेक पायरी वर सरकतोस आणि मी खालून तुझे पाय उचलून ठेवते, हे सगळं त्यात आहे. लिहिताना फार वाईट वाटलं, पण काहीही गाळलं नाही.

त्यात आणखी एक वाक्य आहे. ते तुला परक्याच्या तोंडून कळू नये म्हणून हे पत्र. दुपारनंतर तू पाणी पीत नाहीस. तहान नाही म्हणतोस आणि मी भरून ठेवलेली बाटली खिडकीतल्या कुंडीत ओततोस. वर जायची वेळ येऊ नये, मला हाक मारावी लागू नये, म्हणून. या वर्षी दोनदा लघवीच्या त्रासाने तापून दवाखान्यात पडलास, तो ताप कुठून आला हे मला ठाऊक आहे. आता डॉक्टरांनाही ठाऊक आहे. रागाव माझ्यावर, हवं तर बोलू नकोस, पण निवेदनाखाली सही कर. गुरुवारी साहेब पुन्हा येतील, बाथरूम कुठे आहे विचारतील, तेव्हा तू बसून राहा. वर त्यांना मी नेईन. आणि तोवर पाणी पी, दादा. पोटभर पी. कितीही वेळा हाक मार, मला कंटाळा येणार नाही.

तुझीच,
तू जिला ड्रायव्हरसाहेब म्हणून चिडवतोस ती धाकटी