सकाळचा डोंगर

३ नोव्हें., सोम.
नवा मीटर बसला. बसवणारा म्हणाला, "आजी, आता रीडिंगला माणूस न्हाई. मीटर आपला आपण सांगतो."
सुनीलनं पुण्यातनं मोबाईलवर जोडून घेतला. हितं माझी विजेची शेगडी लागली की तिकडं लेकाकडं रेघ वर चढते. सुनेला दाखवतो म्हणे, "हा बघ आईच्या चहाचा डोंगर." फ्रीज न्हाई, टीव्ही बंद. दुसरं चढणार काय?

६ नोव्हें., गुरु.
पडवीत घसरले तवापासून पुण्याला चल, पुण्याला चल. आज सौदाच केला. "आई, सकाळी डोंगर दिसतोय तोवर तू तिथं. एक दिवस चुकला की बॅग घेऊन न्यायला येणार. मग रडायचं न्हाई."
रडतंय कोण? तिसऱ्या मजल्यावर बसून कबुतरं हाकू? व्हय म्हटलं. माझा चहा चुकतोय व्हय कधी!

११ नोव्हें., मंगळ.
पाहणीवाली पोरगी आली. सरकारी योजनेतली विजेची शेगडी कोण कोण वापरतं बघायला. म्हटलं, घेतली समद्यांनी. शेजारच्या शांतानं तिच्यावर सूप झाकून ठेवलंय. मी वापरते, पण भाकरी चुलीवरच.
"म्हणजे पूर्ण बदल झाला नाही, आजी."
"ते भाकरीला विचार."

१४ नोव्हें., शुक्र.
पहाटे पलीकडचे तात्या गेले. लेक भोरहून येईस्तोवर मढं अंगणात. मढं निघाल्याबिगर आळीत चूल पेटत न्हाई. शांता कानाशी, "आक्का, तुमची कुठं चूल? जाळ न्हाई, धूर न्हाई. टाका चहा."
"पोट भरतंय ना तिच्यावर? मग चूलच."
सौदा आठवला. तरी न्हाई लावली. फोन घरात. तात्यांच्या म्हातारीचं डोकं माझ्या मांडीवर, उठू कशी?
दुपारी सुनील गाडीतनं उतरला नि आई, आई करत पळत आला. डोळे लाल. आळीला वाटलं, तात्यांसाठीच आला. म्हातारीनं कवटाळलं त्याला. "बघा गं, पोटचा न्हाई, तरी कसा धावला!" तो माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं. म्हटलं, तोंड मीट, खांदा दे. दिला.

१५ नोव्हें., शनि.
चहा त्यालाच करायला लावला. लगेच सुनेचा फोन, "डोंगर दिसतोय! आई बऱ्या आहेत ना?" म्हटलं, मी बरी, तुझा नवरा दूध उतू घालवतोय.
तो म्हणे, सौदा तो सौदा. मी म्हणते, मढ्याच्या दिवसाची मोजणी न्हाई.
"मीटरला काय ठावं कोण मेलंय?"
"म्हणून तर शेजार असतो."
"नि आई, तूच असतीस तर?"
नव्या तांदळाचं पोतं गाडीत टाकायला लावलं. पोतं नेलं. बॅग रिकामी, खुंटीला टांगून गेला. मुद्दाम.

१७ नोव्हें., सोम.
शांताला घराची दुसरी किल्ली दिली. तिचा नंबर सुनीलला, डोंगर दिसला न्हाई तर तिला धाडायला. माझ्या परीनं बंदोबस्त झाला. तो म्हणतो, बघू.
बघूच मग. आज पातेलं शेगडीवर, बटण बंद. ऊन पडवीत आलं. सुनील तापला तर तापू दे.
आधी फोन वाजतो का दार, बसलीय ऐकत.