घासापुरती किळस

सोमवार, ४ मार्च

आलो एकदाचे! संस्थेने दिलेलं घर पाहून जीव हरखला. तळमजला, दोन खोल्या, भरपूर ऊन येणारं स्वयंपाकघर, आणि रस्ता ओलांडला की समोर प्रयोगशाळा. जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन आईला भरवता येईल, याहून काय हवं?

आल्या आल्या न्हाणीघर दोनदा घासलं. मागच्या भाडेकरूने ठेवलेल्या साबणाच्या वडीला एक लांब केस चिकटला होता. वडी कागदात गुंडाळून फेकली आणि मग कागदाला लागलेला हातही धुतला. भाऊ फोनवर हसला. म्हणाला, तू अशी नाक मुरडणारी आणि तुझा विषय मात्र किळस. मी म्हटलं, आवडीचं काम मिळायला नशीब लागतं.

काम असं: डिमेन्शिया झालेल्या माणसांना दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचे भाव कितपत कळतात ते शोधायचं. माणूस स्कॅनरमध्ये निजतो, त्याला चेहऱ्यांचे फोटो दिसतात, आणि मेंदूचा कुठला कोपरा जागा होतो ते आम्हाला बाहेर पडद्यावर दिसतं. आईलाही हाच आजार, सात वर्षं झाली. मला ओळखत नाही. तरी आज प्रवासात अर्धं केळं खाल्लं. वजन एकेचाळीस किलो. छान चाललंय.

गुरुवार, ७ मार्च

माणसं बरी आहेत. प्रमुखांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. स्कॅनर चालवणारा म्हणजे 'चुंबक'. एकदा त्या यंत्राने त्याच्या खिशातल्या किल्ल्या ओढून नेल्या, तेव्हापासून हे नाव पडलं. दिवसा आईजवळ बसायला एक मावशी मिळाल्या आहेत. तोंडाने फटकळ, पण हात मायेचा.

आज चाचणीत दाखवायला माझे फोटो काढले: आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य, किळस. पहिले पाच झटपट झाले. किळस काही जमेना. चुंबक म्हणाला, मॅडम, हे तर लिंबू चोखल्यासारखं दिसतंय. मग त्याने कुठूनतरी नासकं अंडं आणून माझ्या नाकाखाली फोडलं. हिरवट, पातळ, आणि तो वास! फोटो अव्वल आला. मी मात्र बेसिनवर वाकून आतडी बाहेर येईस्तोवर ओकले. रात्री जेवले नाही.

मंगळवार, १९ मार्च

आईचा स्कॅन झाला. परक्यांचे चेहरे दाखवले, काही नाही. माझा हसरा चेहरा, रडका चेहरा, ती आपली भिंतीकडे पाहावं तशी पाहत राहिली. मी मान खाली घालून बसले होते. मग अंड्याच्या वेळचा माझा फोटो आला आणि पडद्यावर आईचा मेंदू लख्ख उजळला. आतल्या कॅमेऱ्यात पाहतो तर तिने तोंड उघडलं होतं. मोठा 'आ'.

बाईंनी ते चित्रण तीनदा पाहिलं. म्हणाल्या, बाळाला पहिल्यांदा आंबट काही भरवलं की ते तोंड वेडंवाकडं करतं, आणि भरवणारी आई नकळत स्वतःच आ करते. सगळं पुसलं गेलं, तेवढं उरलंय. तुझं हे तोंड तिला अजून ओळखू येतं.

मी रडले. सुखानेच.

मंगळवार, २ एप्रिल

आईने खाणं सोडलंय. ओठ घट्ट मिटून घेते, चमचा लावला की मान फिरवते. वजन अडतीस. डॉक्टर नाकातून नळी घालू म्हणाले. गेल्या वर्षी घातली होती, ती तिने उपसून काढली, उशी रक्ताने भिजली. म्हणून आता हात पलंगाला बांधावे लागतील, असं त्यांनी हळूच सांगितलं. ज्या हातांनी मला वाढवलं ते मी बांधू?

दुपारी तो फोटो आठवला. तिच्यापुढे बसून तोंड वाकडं केलं. तिने ढुंकूनही पाहिलं नाही. दहा वेळा केलं. तिला खरं-खोटं कळतं, आमच्या कुठल्याही चाचणीपेक्षा चोख कळतं.

शेवटी मोरीची जाळी उचलली. खाली केसांचा बोळा, त्यावर करडा बुळबुळीत थर, त्यात शिजलेल्या भाताची शितं. डोळ्यांना पाणी आलं, तोंड आपोआप वाकडं झालं. तशीच आईकडे वळले. तिने आ केला. वाटीभर सूप संपवलं.

गुरुवार, ११ एप्रिल

बरणी तयार केली. दूध, माशांची आतडी, मोरीतला गाळ. झाकण लावून आठ दिवस उन्हात. वर केसाळ साय आलीय आणि खाली काहीतरी हलतं. जेवणाआधी झाकण उघडायचं, एक श्वास घ्यायचा, आईकडे पाहायचं. शी! लिहितानाही मळमळतं.

पण ती खातेय! आज तर बोललीसुद्धा. हा घास चिऊचा, म्हणाली. सात वर्षांनी. साडेएकोणचाळीस किलो.

मावशींनी बरणी पाहिली. नाकाला रुमाल लावून म्हणाल्या, ताई, गरजवंताला अक्कल नसते हे ठाऊक होतं, पण नाकही नसतं हे आज कळलं.

बुधवार, २४ एप्रिल

रोज मरे त्याला कोण रडे. पुन्हा पुन्हा समोर आलेली गोष्ट मेंदू मनावर घेईनासा होतो, हे मी वर्गात शिकवत आलेय. मला वाटलं होतं, माझी किळस मी पुरवून पुरवून वापरीन. तीन आठवडे पुरली.

आता वास येतो, पण नुसताच येतो. काल आईने ओठ मिटले. आज बरणीत बोटं घातली. गिळगिळीत, कोमट, आणि बोटांना काहीतरी चाटून गेलं. सर्वांगाला शिसारी आली. आई पोटभर जेवली.

मावशी काम सोडून गेल्या. जाताना म्हणाल्या, तुम्ही आधी स्वतःला डॉक्टरला दाखवा.

शुक्रवार, ३ मे

हात घालूनही आता काही होत नाही. पुसायचंही विसरते. प्रयोगशाळेत चुंबक चार हात लांब उभा राहतो. त्याच्या चेहऱ्यावर जो भाव असतो तो मला ओळखू येतो. उसना घेता आला तर—

आई दीड दिवस उपाशी. सदतीस.

गुरुवार, ९ मे

आज आईने स्वतः चमचा उचलला. बरणीत बुडवला. माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, आ कर, बाळा.

बाळा म्हणाली.

मी आ केला. जीभ आत ओढली गेली, नाकातून आलं, सगळं अंगावर ओकले. इतकी घाण, इतकी— आणि ती टाळ्या पिटून हसली. मग तिने आ केला. एक घास मला, एक तिला. पूर्ण जेवण झालं.

सोमवार, १३ मे

आज चव आंबट दह्यासारखी लागली. बस, तेवढीच.

आईने माझ्याकडे भिंतीकडे पाहावं तसं पाहिलं.

बाईंनी मला स्कॅनरमध्ये घातलं. घाणीचे, जखमांचे, अळ्यांचे फोटो दाखवले. किळस आली की जागा होतो तो भाग— शांत. बाईंनी नुसता माझा हात धरला आणि लगेच सोडला. स्वतःचा हात पांढऱ्या कोटाला पुसला.

मंगळवार, १४ मे

चौतीस किलो. डॉक्टर येऊन गेले. उद्या दहाला गाडी येणार. नळी, पट्टे. त्यांनी हेही सांगितलं— गाडी येण्याआधी ती स्वतःहून वाटीभर जेवली तर नेणार नाहीत. मी वचन घेतलं.

घरातलं सगळं करून पाहिलं. मेलेला उंदीर. थुंकी. कचऱ्याच्या डब्याच्या तळातलं पाणी. प्यायले. काही नाही. पाणी.

बुधवार, १५ मे. सकाळी नऊ

वाटी भरून ठेवलीय. गाजराचं सूप. आई मिटलेली.

आरशात तोंड करून पाहिलं— मेलेलं.

नऊ वीस

आईने चादरीखाली हात घातला. खूप वेळ. बाहेर काढला तेव्हा बोटं—

मनगटापर्यंत बरबटलेली. वास आला. आला! नाक आपोआप मुरडलं. थोडं. अजून थोडं उरलंय माझ्यात.

तिने पाहिलं. तिला कळलं. डोळे चमकले. किती दिवसांनी माझ्याकडे पाहतेय.

नऊ चाळीस

बोटं माझ्या ओठांपाशी आहेत. म्हणते, हा घास बाळाचा. डाव्या हाताने लिहितेय, उजव्यात वाटी तयार धरलीय. ती स्वतः आ करून दाखवतेय. केवढा मोठा आ. पोर जेवली की आपणही जेवणार—

बाहेर गाडी थांबली. अजून वेळ आहे. एकच घास. शी, आई, शी, किती घा—