उजवा स्पीकर

डिलाईल रोड, मुंबई
१२ जानेवारी २०२५

प्रिय आकांक्षा,

अनेक आशीर्वाद. कणकवलीला सगळे बरे असतीलच. कुळथाचं पीठ पोचलं. पिठी केली, तुझ्या दादांनी दोन वाट्या ओरपली.

फोन न करता लिहितेय, कारण हल्ली हे फोन स्पीकरवर टाकतात आणि आपलं बोलणं अख्ख्या मजल्याला कळतं.

ह्यांचं लिलावाचं वेड तुला ठाऊक आहेच. सकाळी चहा हातात नि मोबाइलवर जुने रेकॉर्ड प्लेअर, ॲम्प्लिफायर. योग्य भाव ह्यांच्या मनात ठरलेला. बोली जरा त्याच्या वर गेली की माघार. "लुटायला बसलेत साले!" म्हणायचं आणि दुसरा लिलाव उघडायचा. एवढं करून जे मिळतं, ते घरी आलं की बिघडलेलं निघतं. "उजवा स्पीकर वाजतच नाय. फसवलं!" मग परत पाठवा, विकणाऱ्याशी भांडा. खोके बांधून बांधून माझे हात गेले गं.

परवा हे स्पीकरकडे पाठ करून कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. गाणं चालू होतं. एकदम म्हणाले, "सीमा, आता डावा गेला बघ!"

मी उठून स्पीकरजवळ गेले. दोन्ही छान वाजत होते. ह्यांनी फक्त पाठ फिरवली होती, म्हणून डावा स्पीकर उजव्या कानाकडे आला होता. बिघाड कुठल्याच मशीनमध्ये नव्हता, ह्यांच्या उजव्या कानात आहे. डाव्या बाजूनेही हल्ली दोनदा सांगावं लागतं, ते मी आपलं वयावर ढकलत होते. तुझं ते ऐकतात, तूच येऊन समजाव, म्हणून हे पत्र घेतलं लिहायला.

पत्र अर्धं झालं आणि ह्यांनी आज एक प्लेअर घेतला. बोली ह्यांच्या भावाच्या कितीतरी वर गेली, तरी माघार नाही. मी म्हटलं, "अहो, फार महाग पडतोय." मान वर न करता म्हणाले, "पडू दे. आता थांबून चालायचं नाय."

कोळणीशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालणारा माणूस हा! आकांक्षा, ह्यांना कानांचं माहीत आहे गं. कधीपासून एकट्यानेच गिळून बसलेत कोण जाणे.

तेव्हा समजवायला येऊ नकोस. शनिवारी प्लेअर येतोय, नुसती ऐकायला ये. आणि त्यांच्या डाव्या हाताला बस.

तुझी दमलेली वहिनी,
सीमा