चिखलात रुतलेल्या ट्रकचे नाव यादीत परत घेण्याबाबत

प्रति,
मा. दलप्रमुख मर्ल ऑस्टगार्ड,
स्वयंसेवी अग्निशमन दल,
सॉरल गॅप, मोंटाना.

विषय: पाण्याची टाकी ओढणाऱ्या वाहनांच्या यादीतून कमी केलेले नाव पुन्हा दाखल करणेबाबत.
संदर्भ: एप्रिलच्या सरावानंतर ठाण्याच्या फळ्यावर लावलेली आपली सूचना.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार वेंडेल स्ट्रँड सविनय कळवितो की, वणव्याच्या दिवसांत दलाची टाकी स्वतःच्या पिकअप ट्रकने डोंगरमाथ्यावर पोहोचविण्याचे काम तो बरीच वर्षे करीत आला आहे. माथ्यावर पाणी नाही आणि तेथील शेवटचे घर अर्जदाराच्या आईचे आहे. सबब हे काम हातून गेल्याचे त्यास फार लागले आहे.

२. गेल्या हिवाळ्यात अर्जदाराने ट्रकची उंची वाढविली. जंगलवाटेवरचे दगड गाडीच्या पोटाला लागतात, असे कारण त्याने घरी दिले. त्यावर पत्नी लोरेटा हिने, "दगड होते तेवढेच आहेत. उंच झालाय तो गार्थचा ट्रक," असा शेरा मारला. गार्थ हा तिचा सख्खा भाऊ. त्याने चार इंच वाढविली होती. अर्जदाराच्या कामास दोन इंच पुरतील, असे उंची वाढविण्याचे किट विकणाऱ्याने खुद्दच सांगितले. अर्जदाराने सर्व बाजूंनी शांतपणे विचार करून सहा इंचांचे घेतले.

३. उंची वाढल्यावर जुनी चाके अशी दिसू लागली, की जणू कोणी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ओढ्यात उभा आहे. म्हणून मोठे टायर आले. ते फिरविताना इंजिनाचा दम निघू लागला. साध्या चढावर शाळेच्या बसने ट्रकला मागे टाकले आणि मुलांनी मागच्या काचेतून हात हलविले. यावर उपाय एकच, चाके फिरविणाऱ्या ॲक्सलमधले गिअर बदलणे. परंतु चारही चाकांना जोर मिळणाऱ्या ट्रकला ॲक्सल दोन असतात, आणि गिअर दोन्हींचे बदलावे लागतात. अर्जदाराने फक्त मागचे बदलले. पुढच्या चाकांना जोर चिखलातच द्यावा लागतो. तेव्हा चिखलात जायचेच नाही, असे त्याने धोरण ठरविले.

४. सरावाच्या दिवशी चढावर चिखल होता. टाकी भरलेली होती. आपण स्वतः खिडकीशी येऊन ओरडलात, "अरे, चारही चाकं लाव ना! मुहूर्त बघतोस का?" वास्तविक ती लावली असती तर पुढचा ॲक्सल एका हिशेबाने, मागचा दुसऱ्या हिशेबाने फिरून दोघांच्या भांडणात मधले यंत्र फुटले असते. हे चारचौघांत सांगण्याऐवजी अर्जदाराने, "गरज नाही, मर्ल," असे उत्तर दिले आणि ट्रक ॲक्सलपर्यंत रुतविला. "वेंडेल, वरून गाव कसं दिसतं रे?" अशी चौकशी गार्थने केली. दरम्यान लोरेटाने टाकी सोडविली, स्वतःच्या जुन्या, बुटक्या ट्रकला जोडली आणि माथा गाठला. जाताना तिने काच खाली करून, "तुझ्या आईला काही निरोप?" एवढेच विचारले.

५. आपल्या सूचनेत "वाहन भरवशाचे नाही" असे म्हटले आहे. यास अर्जदाराची सक्त हरकत आहे. वाहनाला कोणीही काही विचारले नव्हते. सदर शब्द चालकाच्या नावापुढे लिहावेत.

६. पुढच्या ॲक्सलचे गिअर मागविले आहेत. ते ऑगस्टअखेर येतील, असे दुकानदार कळवितो. आपल्याकडे वणवे जुलैत लागतात. अर्ज लिहावयास बसताना अर्जदाराने हे दोन महिने शेजारी शेजारी मांडून पाहिले नव्हते. आता पाहिले आहेत.

तरी सदर अर्ज यंदा नामंजूर करावा, आणि यादीतील रिकाम्या जागी लोरेटा स्ट्रँड हिचे नाव घालावे, ही विनंती.

आपला नम्र आणि या उन्हाळ्यापुरता बिनकामाचा,

(सही)
वेंडेल स्ट्रँड
दि. ९ मे

सोबत:
१) गिअर मागविल्याची पावती.
२) टाकीच्या जोडाच्या कुलपाची किल्ली. ही कृपया आपल्या हस्ते लोरेटाकडे द्यावी. आम्ही एकाच टेबलावर जेवतो, पण अर्जदाराच्याने ते झाले नाही.